दिवाडी–नार्वे–मये–चोडण: सायकलची गोल वाट, फेरी आणि भरती-सुकतीच्या हिशोबाने

मांडवीकाठ (धागा सुरू करणारा)

दिवाडीबद्दल एक प्रश्न, चोडणबद्दल दुसरा, मयेबद्दल तिसरा, असं तुकड्यातुकड्याने विचारलं जातं. खरं तर ही तिन्ही ठिकाणं, म्हणजे गोव्यातल्या मांडवी नदीतली दोन बेटं आणि पलीकडचं मये, मिळून एकच गोल फेरा होतो. त्याची सगळी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

वाट अशी: पणजीच्या कदंब बसस्थानकापासून निघायचं आणि पोंत द लिन्यारिश या सेतुमार्गाने रायबंदरला जायचं. १६३० च्या दशकातला हा पोर्तुगीज सेतुमार्ग तीन किलोमीटरहून थोडा लांब आहे, बाजूला मिठागरं आणि तिवरं. रायबंदरमधून नदीकाठच्या जुन्या रस्त्याने जुने गोवे, तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून थेट धक्क्यावर. पहिली फेरी, म्हणजे फेरीबोट, दिवाडीची. उतरल्यावर खाजनातून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीतून, सरळ रस्ता पिएदादला, पुढे मळारमार्गे बेटावरच्या नार्व्याचा धक्का. दुसऱ्या फेरीने पलीकडे डिचोली तालुक्यातलं नार्वे. तिथून पिळगाव-मयेच्या बाजूने मये तळं, मग तिखाजनकडून पुलावरून चोडण. तिसरी फेरी चोडण ते रायबंदर, आणि त्याच सेतुमार्गाने परत पणजी.

एकूण अंतर ४० ते ४५ किमी, तुम्ही गावात किती वळता त्यावर. ताशी १३-१४ किमीच्या आरामशीर वेगाने सायकलवर तीन-सव्वातीन तास जातात. तीन फेऱ्या, त्यांची वाट पाहणं, देऊळ, चर्च, चहा धरला तर पाच ते सहा तास ठेवा. चढ नावाला दोनच: पिएदादची टेकडी आणि मयेकडचे चढउतार. बाकी सगळं समुद्रसपाटीला.

या वाटेचं वेळापत्रक किलोमीटरवरून मांडलं तर फसतं. ते फेरी आणि भरतीवरून मांडावं लागतं. लोक हिवाळ्यात आठला आरामात निघतात, नार्व्याच्या धक्क्यावर खोळंबतात आणि चोडणच्या उघड्या खाजनात भर बारा वाजता पोचतात. तिथे सावली नाही. शिवाय अकरानंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो. परतीचा सगळा सेतुमार्ग त्याच्या तोंडावर काढावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्योदय सातच्या आसपास असतो, म्हणून साडेसहाला दिवे लावून निघालेलं बरं. जुने गोवेची पहिली गर्दी सुरू होण्याआधी तुम्ही दिवाडीवर असता.

नवी_पेडल

छान मांडणी. दोन प्रश्न आहेत. सायकल फेरीत चालते का, की काही वेगळी परवानगी लागते? आणि भरतीचा संबंध नेमका कुठे येतो? फेरी तर भरती-सुकती दोन्हीला चालते ना?

मांडवीकाठ

सायकलला अडवत नाहीत. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. तरी दहा-वीसच्या सुट्या नोटा खिशात असू द्या. रायबंदर-चोडण मार्गावर आता मोठी रो-रो फेरीही आली आहे.

चढण्याची रीत मात्र पाळा. समोरून येणारी वाहनं आणि माणसं पूर्ण उतरू द्या. मग सायकलवरून खाली उतरून, हाताने ढकलत आत या आणि कठड्याजवळच्या बाजूला उभी करा. मागचा ब्रेक हाताने धरून ठेवा, नाहीतर ब्रेकच्या लीव्हरला रबरबँड घाला. इंजिनाने दिशा बदलली की स्टँडवरची सायकल आडवी होते आणि बहुतेक वेळा डिरेलरच्या (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या) बाजूलाच पडते. त्याला धरणारा हँगर वाकला की मोठ्या मागच्या चकतीवर गेल्यावर डिरेलर आऱ्यांत अडकतो, आणि दिवाडीवर तो सरळ करून देणारं कोणी नाही.

आता भरती. नार्वे-दिवाडीसारख्या ठिकाणी सुकतीला पाणी उतरलं की धक्क्याचा खालचा, एरवी पाण्याखाली असणारा उतार उघडा पडतो. त्यावर शेवाळ असतं आणि उतारही तीव्र लागतो. फेरीचा लोखंडी रॅम्प आणि धक्का यांच्यामध्ये फट पडते, ती ओलांडताना चाक काटकोनात घालायचं. तिरकं घातलं की पुढचं चाक फटीत बसतं. पेडलला अडकणारे क्लिपलेस बूट असतील तर इथे अनवाणी चालणं बरं, कारण तळाची क्लीट लोखंडावर बर्फासारखी घसरते.

उधाणाच्या दिवसांत याच्या उलट होतं. पाणी धक्क्याच्या माथ्यापर्यंत येतं आणि खाजनातल्या सखल रस्त्याच्या कडेला खारं पाणी लागतं. तेच पाणी साखळीवर आणि बेअरिंगवर गेलं की दुसऱ्या दिवशी तांबेरा दिसतो.

तिथीवाला

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब पुरेसा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. हा मुंबईकडचा हिशोब. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते, कारण आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते.

उदाहरण: पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यातून तास वजा केला की मांडवीच्या मुखाशी सव्वादहाच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे गोव्यात पाचच्या सुमारास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. रोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नदीत आत जाल तसं आणखी उशीर: नार्व्यापर्यंत पाणी चढायला मुखापेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

याचा उपयोग असा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन दिवस उधाण असतं, पाण्याची चढउतार दोन मीटरच्या घरात जाते आणि पूर्ण भरती नेमकी सकाळी दहा-अकराला येते, म्हणजे तुम्ही बेटांवर असतानाच. रस्ता ओला मिळेल, पण धक्का सोपा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-सुकती, असते. सुकती अकराच्या सुमारास येते, पण पाणी फार खाली जात नाही, त्यामुळे धक्काही त्रास देत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने पंचमी ते नवमीमधला दिवस निवडावा. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो. धक्क्याचा अंदाज घ्यायला तेवढा चालतो. होडी घालायची असेल तर मुरगाव बंदराचं छापील कोष्टक बघा.

चाक_साखळी

टायरबद्दल लिहितो, कारण या वाटेवर सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

डांबर बहुतेक ठिकाणी चांगलं आहे, तरी गावातल्या वळणांवर जांभ्याचा लाल बारीक खडा सांडलेला असतो. २३-२५ मिमीच्या रोड टायरला शंभर पीएसआय हवा भरून आलात तर वळणावर घसराल आणि फेरीच्या लोखंडी कडेवर पिंच पंक्चर व्हायची भीती. ३२ ते ३८ मिमी रुंदी या वाटेला बेतशीर. सत्तर किलोच्या माणसाने ३५ मिमीला मागे ५५ आणि पुढे ४५-५० पीएसआय ठेवावेत. दोन इंची एमटीबी टायरला ३० ते ३५ पुरे. त्याहून कमी ठेवलं तर सेतुमार्गावर वाऱ्यासमोर दम लागतो.

पंक्चरचं कारण बहुतेक वेळा काटा नसतो. फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक पोलादी तारा रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात, अर्ध्या सेंटिमीटरच्या. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा जुना रुमाल फिरवा. तार असेल तिथे धागा अडकेल. बोटाने तपासू नका, बोट कापतं. ही तार काढली नाही तर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते, आणि लोक ट्यूबला दोष देतात.

हवेचा प्रश्न वेगळा. गावातल्या दुचाकी गॅरेजात कॉम्प्रेसर असतो, पण त्याचा नोझल मोटारीच्या, म्हणजे श्रेडर व्हॉल्व्हचा. तुमचा बारीक, प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर लागतो. तो वीस-तीस रुपयांचा तुकडा सॅडलबॅगेत कायम असू द्या. आणि कॉम्प्रेसरने भरताना दोन-तीन वेळा अगदी क्षणभरच दाबा. सायकलच्या ट्यूबला तेवढी हवा लगेच होते आणि जास्त झाली तर टायर रिमवरून उडतो. गावातल्या सायकलवाल्याकडे मिळणारी ट्यूब २८ बाय दीडची, जुन्या काळ्या सायकलीची असते. ती ७०० च्या चाकाला नीट बसेलच असं नाही, तेव्हा तुमच्या मापाच्या दोन ट्यूब घरूनच आणा.

ब्रेक: जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं असतात, त्याची ओली भुकटी म्हणजे पॉलिशपेपरच. रिमब्रेक असेल तर पावसाळी फेऱ्यानंतर पॅडमध्ये रुतलेले चकचकीत कण सुईने काढायचे, नाहीतर ते रिमला कोरत जातात. डिस्कवाल्यांनी साखळीला तेल देताना रोटरवर फडकं घालावं. स्प्रे वापरूच नये.

नवी_पेडल

भाड्याची सायकल घ्यायची असेल तर काय बघायचं? सगळं बघायला तर मालक वेळ देत नाही.

चाक_साखळी

पाच मिनिटं पुरतात, फक्त क्रम धरा. पुढचं चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या पॅडला लागतंय का ते ऐका. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा. लीव्हर हँडलला टेकला तर ती सायकल नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा, हँडलच्या मुळाशी, हेडसेटमध्ये, टकटक ऐकू आली तर सैल आहे. क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, दोन्ही हातांनी आडवा हलवून बघा. मग जागेवर दहा मीटर चालवून मागच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान गिअरवर टाका. मोठ्यावर आऱ्यांजवळून खरखर आली तर हँगर वाकलेला आहे. शेवटी सीटची उंची: टाच पेडलवर, पेडल खाली, पाय सरळ. बहुतेक भाड्याच्या सायकलींची सीट बरीच खाली असते आणि चाळीस किलोमीटरला गुडघा बोलायला लागतो. सीटपोस्ट खाऱ्या हवेने अडकलेली असेल तर दुसरी सायकल मागा.

पंप आणि ट्यूब भाड्यात देतात का ते विचारा. देत नसतील तर स्वतःचं घ्या.

सडाफिरस्ता

एक सुचवतो. पिएदादच्या डांबरी रस्त्यापेक्षा खाजनाच्या बांधावरून जा. दोन्ही बाजूंना पाणी, बगळे, एक मोटार नाही. नकाशाच्या ॲपवरही तो रस्ता म्हणून दिसतो. एमटीबीला सहज जातं.

खाजनवाट

सडाफिरस्ता, दृश्य तुम्ही म्हणता तसंच आहे, पण कृपया हा सल्ला मागे घ्या. कारण नीट लिहितो, कारण बाहेरून येणाऱ्याला बांध म्हणजे फक्त मातीची पायवाट वाटते.

खाजन ही खाडीकाठची, भरतीच्या पातळीखालची जमीन आहे. गांवकऱ्यांनी, म्हणजे कोमुनिदादींनी, पिढ्यान्पिढ्या चिखल, पेंढा आणि जांभा घालून बांध उभे केले. त्याच्या आत पावसाळ्यात भात होतं, कोरगुटासारखं थोडी खारटी सोसणारं. बांधात जागोजागी मानस असतात, म्हणजे लाकडी दारं. सुकतीला आतलं पाणी दार ढकलून नदीत जातं. भरतीला नदीचं पाणी तेच दार बाहेरून दाबून बंद करतं. कुणाला उघडझाक करावी लागत नाही. पण बांध सलग असला तरच हे चालतं.

सायकलचं चाक अरुंद असतं, म्हणून वजन कमी असलं तरी ते ओल्या मातीत पायापेक्षा जास्त खोल रुततं आणि सलग घळ पाडतं. दोन-चार सायकली एका रेषेत गेल्या की पुढच्या पावसाचं पाणी त्या घळीतून वाहतं, माथा खचतो. बांधात खेकड्यांची बिळं असतातच. वरची घळ आणि आतलं बीळ जुळलं की उधाणाच्या भरतीत तिथूनच बांध फुटतो. खारं पाणी एकदा आत शिरलं की हंगाम जातो आणि मातीतलं मीठ धुवून जायला पुढचा एक-दोन पावसाळा लागतो. चार मिनिटांच्या दृश्यासाठी एका कुटुंबाचं भात धोक्यात.

आणि मानशीच्या फळ्यांवर उभं राहून फोटो काढू नका. त्या ओल्या, शेवाळलेल्या असतात आणि खाली ओढ जबरदस्त असते. दार उघडताना पाणी कसं खेचतं हे तिथे जाळी लावणाऱ्याला विचारा.

दृश्य हवं असेल तर पिएदादच्या टेकडीवर चढा. चर्चच्या अंगणातून सगळं खाजन, नदी आणि पलीकडची जुने गोवेची चर्चं एकाच नजरेत येतात. चढ लहान पण तीव्र आहे, सगळ्यात हलका गिअर खालीच टाकून ठेवा. शेजारच्या दफनभूमीतल्या लहान कपेलात (चॅपेलमध्ये) कदंबकालीन कोरीव काम टिकून आहे. तिथे शांतपणे, सायकल बाहेर ठेवून जावं.

सडाफिरस्ता

बांधाचा हा भाग मला ठाऊक नव्हता. सल्ला मागे घेतो. ॲपवर तो रस्ता म्हणून दाखवला आहे ही चूक आहे, तिथे दुरुस्ती नोंदवतो.

खाजनवाट

आभार. दुरुस्ती करताना "खासगी शेतबांध" असं लिहा. "पायवाट" लिहिलंत तर पुन्हा कोणीतरी सायकलची वाट म्हणून वापरेल.

डिचोलीकर

नार्वे ते चोडण हा माझ्या बाजूचा टप्पा, म्हणून जोडतो.

धक्क्यावरून वर आलात की श्री सप्तकोटीश्वराचं देऊळ जवळच आहे. मूळ देऊळ दिवाडीवरच्या नार्व्याला होतं, कदंबांचं कुलदैवत. पोर्तुगीज काळात ते पाडलं गेलं आणि लिंग नदीपलीकडे आलं. शके १५९० म्हणजे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने इथल्या देवळाचं काम सुरू झालं, तो शिलालेख दारावर आहे. अलीकडे डागडुजी होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. दिवाडीवर जुन्या जागेजवळ कोटितीर्थाची पायऱ्यांची तळी आहे, ती आधी पाहून मग फेरीने पलीकडे आलात तर गोष्ट सलग लागते. गाभाऱ्याकडे जाताना हाफपँटवर उपरणं किंवा लुंगी गुंडाळलेली बरी. क्लीटचे बूट बाहेर, आणि आत हेल्मेट काढून.

इथून पुढे रस्ता चढउतारांचा आहे. पिळगावकडून डिचोलीचा मुख्य रस्ता लागतो. खनिज वाहतूक चालू असते त्या काळात तिथे टिप्परांची रांग असते. त्यांच्या मागून जाताना धुळीपेक्षा मोठा धोका म्हणजे डावीकडून ओव्हरटेक करणं. टिप्परच्या डाव्या बाजूला चालकाला सायकल दिसत नाही. ते गेल्याशिवाय पुढे जाऊ नका, थांबा. शक्य तितक्या लवकर मयेच्या आतल्या रस्त्याला वळा. तो अरुंद आहे, पण कुळागरांतून, म्हणजे पोफळीच्या बागांतून, जातो आणि सावली आहे. वळणांवर पोफळीच्या झावळ्या पडलेल्या असतात. ओली झावळ साबणासारखी घसरते, तिच्यावरून ब्रेक न दाबता सरळ जायचं.

मये तळ्याला पाणी भरून घ्या. तिथून चोडणपर्यंत दुकानांचा भरवसा नाही, विशेषतः दुपारी.

पदेराची_घंटी

खाण्यापिण्याचं एवढंच: गावातली दुकानं, गाडे, हॉटेलं दुपारी एक ते चार बहुतेक बंद असतात, आणि रविवारी काही सकाळीच बंद होतात. भाजी-पाव किंवा पातळ भाजी-उंडा (गोल पाव) सकाळी आठ-साडेआठपर्यंत ताजा मिळतो, दहानंतर संपतो. बेकरीची पोई सकाळी लवकर आणि पुन्हा संध्याकाळी भट्टीतून निघते. पदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर ती गावभर फिरवतो, वाटेत भेटला तर तिथेच घ्या. पोईत कोंडा असतो, पोटाला टिकते. खिशात दोन पोया आणि गुळाचा खडा असला तर मयेपर्यंत दुसरं काही लागत नाही.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर. ७५० मिलीच्या दोन बाटल्या, त्यातली एक कोकम सरबताची, चिमूटभर मीठ घालून. गोव्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही म्हणून तहान उशिरा कळते, पण मीठ तेवढंच जातं. नुसतं पाणी ढोसलं तर पायात गोळे येऊ शकतात.

सावंतवाडीची_सायकल

सिंधुदुर्गातून रेल्वेने सायकल आणायची तर कुठे उतरावं? करमळी की थिवी?

मांडवीकाठ

करमळी. ते जुने गोवेच्या लगतच आहे, दहा-पंधरा मिनिटांत धक्क्यावर पोचता. थिवीहून यायचं तर डिचोलीच्या बाजूने मयेत शिरून फेरा मधूनच सुरू करावा लागेल. तेही जमतं, पण टिप्परांचा पट्टा थेट समोर येतो.

सायकल पार्सल खिडकीवर सामान म्हणून बुक होते. गाडीच्या तासभर आधी जा. पेडल काढून घ्या, हँडल आडवं फिरवा, डिरेलरला पुठ्ठा बांधा आणि नाव-स्टेशनचं लेबल फ्रेमला दोन ठिकाणी लावा. गाडी लहान स्टेशनवर एक-दोन मिनिटंच थांबते, म्हणून मालडबा कुठे लागतो ते आधी विचारून तिथेच उभे राहा. घडीची सायकल पिशवीत बसत असेल तर सोबतच ठेवता येते आणि हा सगळा खटाटोप वाचतो. परतीला करमळीऐवजी मडगाव घेतलं तर गाडी जास्त वेळ थांबते.

तिवर

चोडणच्या पश्चिम टोकाला, फेरीच्या धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौ. किमी, १९८८ पासून. फेऱ्याच्या शेवटी थांबायला ही उत्तम जागा. सायकल आत नेऊ नका. फाटकावर कुलूप लावा आणि तिवरांमधल्या पायवाटेने चाला. सुकतीला या. चिखल उघडा पडला की खेकडे, चिखल्या मासे आणि टोकदार चोचीचे पाणपक्षी दिसतात, भरतीला फक्त पानं दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्ष्यांचे महिने. पाण्याच्या काठाला मच्छर फार असतात, पायाला तेल लावून ठेवा.

नवी_पेडल

पावसाळ्यात हा फेरा करावा का? फोटो तर सगळे हिरवे जुलैतलेच दिसतात.

खाजनवाट

करता येतो, पण छाटून. पणजी-जुने गोवे-दिवाडी आणि त्याच वाटेने परत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मोठ्या पावसात फेरी थांबवतात, आणि दोन नद्यांच्या मध्ये अडकलात तर रस्त्याने सुटका फक्त चोडण-मयेच्या पुलाने आहे. दिवाडीवर अडकलात तर तीही नाही.

खाजनातल्या रस्त्यावर पाणी साचलं की डांबर कुठे संपतं आणि गटार कुठे सुरू होतं ते कळत नाही. मधोमध चालवा. पाणी हबच्या मध्यापर्यंत येत असेल तर उतरा आणि मागे फिरा, कारण बुडालेल्या हबमध्ये सीलमधून पाणी आत शिरतं. पुढच्या आठवड्यात बेअरिंग कुरकुरायला लागतं. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराम हा झेंड्यांचा उत्सव असतो, त्या दिवशी फेरीला प्रचंड गर्दी, सायकल नेऊच नये.

हिरवळ आणि कोरडा रस्ता दोन्ही हवं तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य. भात पिवळं व्हायच्या बेतात असतं.

चाक_साखळी

पावसातून आल्यावरची धुलाई: प्रेशर वॉशर नको, ते ग्रीस बाहेर काढतं. बादलीभर गोड्या पाण्यात थोडं भांड्याचं साबण, आधी साखळी आणि कॅसेट, मग फ्रेम. पुसून सुकवा, साखळीच्या प्रत्येक कडीला एक थेंब तेल, पाच मिनिटांनी बाहेरचं पुसा. खाऱ्या धक्क्यावरून आलात तर कोरड्या दिवसातही हेच. बाटलीच्या पिंजऱ्याचे आणि सीटपोस्टचे बोल्ट स्टेनलेसचे घाला, साधे वर्षभरात गंजून अडकतात.

डिचोलीकर

एक राहिलं. जुने गोवेच्या पूर्वेला कुंभारजुव्याचा कालवा मांडवी आणि झुआरीला जोडतो, त्यात मगरी आहेत. करमळी तळ्याकडे फाटा काढून त्या बाजूला गेलात तर सायकल धुवायला किंवा पाय बुडवायला पाण्यात उतरू नका, कितीही उथळ दिसलं तरी. दिवाडी-चोडणच्या काठालाही तेच पाळा.

सावंतवाडीची_सायकल

शेवटचा प्रश्न. फेरा उलटा, चोडणकडून सुरू केला तर? रायबंदरला पोचल्या पोचल्या फेरी मिळते.

मांडवीकाठ

कामाच्या दिवशी उलटाच बरा. सकाळी चोडणची माणसं रायबंदरकडे येतात, त्यामुळे तुम्ही जाता ती फेरी जवळजवळ रिकामी असते. मयेचे चढ उन्हाआधी संपतात आणि शेवटी सपाट दिवाडी उरते. संध्याकाळी मात्र उलटी गर्दी असते, रायबंदरहून चोडणकडे. रविवारी पहिल्या दिशेनेच जा, कारण नार्व्याची फेरी बाकी दोन्हींपेक्षा कमी वेळा सुटते आणि ती सकाळी लवकर ओलांडलेली बरी. धक्क्यावर पोचल्यावर आधी पुढच्या फेरीची वेळ विचारा, मग चहा मागवा.